ठिबकच्या मॅन्युअलमध्ये मराठी, गुजराती, उर्दू एकत्र आणताना लाटेकमध्ये अक्षरं का तुटतात

भाऊ, तुमचा प्रश्न मी जसा समजलो तो असा. जळगावला तुमच्या युनिटमध्ये ठिबकचे फिल्टर आणि खत टाकी बनतात, त्याचं मॅन्युअल लाटेकमध्ये (मजकुरात कमांडी लिहून छपाईची पानं बनवायचा प्रोग्राम) करायचंय, मूळ मजकूर मराठी, सोबत इंग्रजी, नवापूरच्या पलीकडे माल जातो म्हणून गुजराती आणि भुसावळ-मालेगावकडच्या डीलरांसाठी उर्दू. वर्डमध्ये सगळं नीट दिसतं पण लाटेकमध्ये घेतलं की 'विद्राव्य' मधली पहिली वेलांटी व च्या मागे जाऊन बसते, 'शेतकऱ्यांनी'चं 'शेतकर्यांनी' होतं, 'ॲसिड ट्रीटमेंट'मधला ॲ गायब, मध्येच रिकामे गोल, आणि उर्दूत खताचे आकडे उलटे. तुम्ही पाच-सहा फॉन्ट बदलून बघितले, काहीच फरक नाही. शेवटी अहिराणी शब्दांची यादी पण टाकायची म्हणता. मी धुळ्याला हेच काम करतो, प्रबंध, मॅन्युअल, शब्दयाद्या, त्यामुळे जरा लांबलचक लिहितो. कमांडींची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहितोय, फाईलमध्ये तुम्ही ती इंग्रजीतच टाकाल.

पहिलं म्हणजे फॉन्ट बदलणं थांबवा. देवनागरी बिघडली की सगळे आधी फॉन्टच बदलतात, मंगलचा लोहित, लोहितचा नोटो, आणि नशिबाने एखादा चालला तर तो का चालला हे कळत नाही म्हणून पुढच्या धड्यात परत तीच बोंब. शेवटच्या ड्रिपरला पाणी आलं नाही तर तुम्ही लगेच ड्रिपर बदलत नाही ना, फिल्टरपासून दाब तपासत येता, इथे पण तसंच करायचं. मजकूर आधी फाईलमध्ये कोड म्हणून बसतो, मग इंजिन, म्हणजे लाटेकमधला पानं जुळवणारा मूळ प्रोग्राम, तो वाचतं, मग फॉन्टमधल्या नियमांनी अक्षरं जोडली जातात, मग भाषेची सेटिंग लागते, मग पीडीएफ बनते. तुमच्या पाचही तक्रारी वेगवेगळ्या टप्प्यावरच्या आहेत, एका उपायाने त्या जाणारच नाहीत.

वेलांटी मागे जाणं आणि जोडाक्षरं पाय मोडून दिसणं ही तक्रार इंजिनाची, मजकुराची नाही. फाईलमध्ये 'वि' हा नेहमी आधी व आणि मग वेलांटी असाच साठवलेला असतो, उच्चाराच्या क्रमाने. ती वेलांटी उचलून डावीकडे आणायचं, द आणि र चं द्र करायचं, हे काम छापताना होतं आणि त्याला शेपिंग म्हणतात. साधं पीडीएफलाटेक हे करतच नाही. ते आठ बिटांच्या फॉन्टवर उभं आहे, एका फॉन्टमध्ये जास्तीत जास्त २५६ चिन्हं. पूर्वी लोक फ्रान्स वेल्थुइस यांचं देवनागरी पॅकेज (पॅकेज म्हणजे लाटेकला जोडायचा जादा भाग) वापरायचे, रोमनमध्ये टाईप करायचं, आधी एक वेगळा प्रोग्राम चालवायचा आणि मग लाटेक. त्या काळात ते मोठं काम होतं, पण आज नवीन मॅन्युअलसाठी त्या वाटेला जाऊ नका. 'युनिकोड कॅरेक्टर नॉट सेट अप फॉर यूज विथ लाटेक' असा एरर येत असेल तर समजा तुम्ही अजून पीडीएफलाटेकच चालवून राहिले. ओव्हरलीफवर, म्हणजे ब्राउझरमधल्या लाटेकवर असाल तर मेनूत कंपायलर बदला, टेकस्टुडिओ ह्या एडिटरमध्ये असाल तर सेटिंगमध्ये.

आता उरतात दोन इंजिनं, झीटेक आणि लुआटेक, लाटेकसाठी चालवली की त्यांनाच झीलाटेक आणि लुआलाटेक म्हणतात. झीटेक हे जोनाथन क्यू यांनी २००४ मध्ये आणलं, सिस्टिममधले ओपनटाईप फॉन्ट थेट वापरणारं, आणि आपल्या लिप्यांसाठी खरा रस्ता तिथून मोकळा झाला. नुसतं मराठी-इंग्रजी असतं तर मी झीलाटेकच म्हटलं असतं. पण तुमच्याकडे चार लिप्या आणि त्यातली एक उजवीकडून डावीकडे, म्हणून लुआलाटेक घ्या आणि सोबत बेबल, म्हणजे भाषा सांभाळणारं पॅकेज. कारण उर्दूसाठी झीलाटेकमध्ये बिडी नावाचं पॅकेज लागतं, ते जवळपास सगळ्या पॅकेजांच्या नंतर लोड करावं लागतं आणि टेबलांची, तळटीपांची पॅकेजं त्याच्याशी भांडतात. ज्यांना सवय आहे ते निभावून नेतात, पण मॅन्युअलमध्ये टेबलंच टेबलं असतात, तिथे हा त्रास कशाला.

लुआलाटेकमध्ये एक अट मात्र विसरायची नाही. त्याचा स्वतःचा जो अक्षर जोडणारा भाग आहे तो देवनागरीत कधी जमवतो कधी नाही. फॉन्टच्या ऑप्शनमध्ये रेंडरर बरोबर हार्फबझ असं स्पष्ट लिहायचं (बरोबर म्हणजे = हे चिन्ह, पुढे पण तसंच). हार्फबझ म्हणजे तेच शेपिंग इंजिन जे क्रोम, फायरफॉक्स, अँड्रॉईड वापरतात, म्हणून मोबाईलवर जसं दिसतं तसंच कागदावर येतं. हे टेक लाईव्ह, म्हणजे लाटेकचा जो पूर्ण संच दरवर्षी निघतो, त्याच्या २०२० च्या आवृत्तीपासून लुआलाटेकमध्ये आपोआप असतं, त्याच्या आधी नाही. आता तुम्ही लिहिलंय की ऑफिसच्या मशीनवर उबुंटू २०.०४ आहे. त्याच्या स्वतःच्या भांडारात टेक लाईव्ह २०१९ येतं! म्हणजे घरच्या लॅपटॉपवर चालणारी फाईल ऑफिसात तुटते ती बहुतेक ह्याच कारणाने, फॉन्ट दोन्हीकडे तोच असून. टेक लाईव्ह त्यांच्या साईटवरून सरळ नवीन टाका, उबुंटूचं पॅकेज काढून टाका, दोन्ही एकत्र ठेवले की कुठलं चालतंय तेच कळत नाही.

फाईलच्या सुरुवातीला काय लिहायचं ते शब्दात सांगतो. बेबल लोड करताना बिडी बरोबर बेसिक हा ऑप्शन द्या (हा बेबलचाच ऑप्शन, वर सांगितलेलं पॅकेज नाही). मग बेबलप्रोव्हाईड कमांडने मराठी मुख्य भाषा म्हणून इम्पोर्ट करा, गुजराती आणि उर्दू पण इम्पोर्ट करा, आणि प्रत्येकाला ऑनकॅर बरोबर आयडीज फॉन्ट्स द्या, इंग्रजीला पण. ह्या ऑनकॅरमुळे मजकुरात गुजराती अक्षर आलं की भाषा आणि फॉन्ट आपोआप बदलतो, प्रत्येक शब्दाभोवती कमांड लिहावी लागत नाही. मग बेबलफॉन्ट कमांडने प्रत्येक भाषेला तिचा फॉन्ट, मराठीला नोटो सेरिफ देवनागरी, गुजरातीला नोटो सेरिफ गुजराती, उर्दूला नोटो नस्तालीक उर्दू. स्क्रिप्ट आणि लँग्वेज बेबल स्वतः भरतं. तुम्ही बेबल न वापरता सरळ फॉन्टस्पेकने फॉन्ट लावणार असाल तर स्क्रिप्ट बरोबर देवनागरी हे हाताने लिहिलंच पाहिजे, ते नसलं की चांगल्यातला चांगला फॉन्ट पण पाय मोडलेली अक्षरं देतो. तुमचे पाच-सहा फॉन्ट नापास झाले ते मला वाटतं इथेच.

ऑनकॅरची एक मर्यादा आहे. ते लिपी ओळखतं, भाषा नाही. उद्या मध्य प्रदेशच्या बाजूला, बऱ्हाणपूर-खरगोनकडे हिंदी पान द्यायचं ठरलं तर मराठी आणि हिंदी दोन्ही देवनागरी, तिथे भाषा तुम्हालाच बदलावी लागेल. आणि ती बदलाच, कारण मराठीचा ल आणि श हिंदीपेक्षा वेगळ्या वळणाचा असतो आणि चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपं असतात, भाषा मराठी सांगितली की आपलं रूप येतं. लोहित देवनागरीत अशी भाषेप्रमाणे रूपं आहेत. टिरो देवनागरी मराठी हा फॉन्ट तर मराठी वळणासाठीच वेगळा काढलेला आहे, दिसायला फार देखणा, पण त्यात बोल्ड नाही, त्यामुळे मॅन्युअलच्या सूचनांना अडचण होईल. आपल्या शेतकऱ्याला हिंदी वळणाचा ल वाचता येतो हे खरं, पण मराठी पुस्तक मराठीसारखं दिसावं ह्यासाठी एक ओळ लिहावी लागते तर ती लिहायलाच हवी असं माझं ठाम मत आहे.

आता 'शेतकऱ्यांनी'. हे इंजिन बदलून सुटणार नाही, कारण बिघाड मजकुरातच आहे. ह्या ऱ्या मधला आडवा र दोन पद्धतीने साठवता येतो. एक म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर, युनिकोडमध्ये ०९३१, त्याला हलन्त आणि मग य. दुसरी म्हणजे साधा र, ०९३०, मग हलन्त, मग एक न दिसणारं चिन्ह ज्याचा कोड २००डी, ज्याला झिरो विड्थ जॉइनर म्हणतात, आणि मग य. दिसायला दोन्ही सारखे. पण कोणी मजकूर साफ करताना, एक्सेलमधून फिरवताना किंवा एखाद्या स्क्रिप्टने न दिसणारी चिन्हं काढून टाकली की दुसऱ्या पद्धतीतला जॉइनर जातो आणि उरतो साधा र, हलन्त, य, म्हणजे रफार. झालं, शेतकर्यांनी. तुमच्या फाईलमध्ये काही पानांवर बरोबर आणि काही पानांवर चूक आहे ते त्यामुळेच, दोन जणांनी दोन कीबोर्डवर टाईप केलंय. उपाय असा की सगळीकडे ०९३१ वाली पद्धत एकच ठेवा. र, हलन्त, जॉइनर हे तिन्ही शोधून त्या जागी ऱ आणि हलन्त टाका, आणि ज्या ठिकाणी जॉइनर आधीच उडालाय तिथे मात्र डोळ्याने वाचूनच दुरुस्त करावं लागेल, कारण 'आचार्यांनी', 'सूर्याचा' मधला रफार बरोबर आहे आणि 'दुसर्या', 'कोपर्यात', 'वार्याचा' मधला चूक. सरसकट बदललं तर उलटा गोंधळ होईल. हे काम कंटाळवाणं आहे पण ज्याच्यासाठी पुस्तक काढतोय त्याचंच नाव चुकीचं छापायचं नाही.

ॲ चं प्रकरण पण कोडचंच. मराठीचा ॲ युनिकोडमध्ये ०९७२ ला आहे आणि तो २००८ च्या ५.१ आवृत्तीत आला. त्याआधीचे जुने फॉन्ट, जुन्या सीडीवरून कॉपी केलेले, त्यांच्यात तो नसतोच. शिवाय काही कीबोर्डवरून अ आणि वर चंद्र असे दोन कोड जातात, काहींवरून हिंदीचा ऍ जातो, त्याचा कोड ०९०डी. म्हणजे 'ॲसिड' तीन प्रकारे टाईप झालेला असू शकतो आणि शोधताना एकच सापडतो. सगळे ०९७२ वर आणा आणि फॉन्ट नवा ठेवा.

एखादं अक्षर फॉन्टमध्ये आहे की नाही हे डोळ्याने शोधू नका, शंभर पानात निसटतंच. लाटेकच्या लॉग फाईलमध्ये 'मिसिंग कॅरेक्टर' अशी ओळ येते, त्यात कुठलं अक्षर कुठल्या फॉन्टमध्ये नाही ते स्पष्ट असतं, पण ती ओळ एरर नसते म्हणून कोणी बघत नाही आणि पीडीएफ बिनदिक्कत तयार होते. सुरुवातीला ट्रेसिंगलॉस्टकॅर्स ह्याची किंमत ३ करून ठेवा, टेक लाईव्ह २०२१ पासून ३ ठेवलं की अक्षर हरवल्यावर एरर येऊन थांबतं. चार लिप्यांच्या कामात ही एक ओळ मी कधीच सोडत नाही.

रिकामे गोल, तुटक ठिपक्यांचे, त्यांचा कोड २५सीसी, ते तुम्ही टाईप केलेले नसतात. मात्रेला बसायला अक्षर मिळालं नाही की हार्फबझ स्वतः तो गोल काढतं. म्हणजे मात्रेच्या आधी चुकून स्पेस पडलीय, किंवा अनुस्वार आधी आणि काना मागून. हे जवळजवळ नेहमी जुन्या मजकुरातून येतं. तुमचं जुनं मॅन्युअल श्रीलिपीत होतं म्हणता, तर तिथे अक्षर हे अक्षर नसतंच, इंग्रजी कोडांवर मराठी आकृत्या चिकटवलेल्या असतात आणि वेलांटी दिसते तशी आधी टाईप केलेली असते. कन्व्हर्टरने युनिकोड केल्यावर रफार, वेलांटी, ऱ्या आणि क्ष ह्या चार ठिकाणी हमखास चुका राहतात. पीडीएफमधून कॉपी केलेला मजकूर तर घेऊच नका, त्यापेक्षा परत टाईप करणं लवकर होतं. कन्व्हर्ट झालेला मजकूर आधी साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये वाचा, तिथेच गोल दिसत असतील तर लाटेकला दोष नाही.

एक चाचणीची छोटी फाईल वेगळी करून ठेवा. त्यात एवढंच लिहा: 'शेतकऱ्यांनी विद्राव्य खत व ॲसिड ट्रीटमेंट दुसऱ्या दिवशी करावी, शृंखला, कीर्ती, ज्ञान, क्षार, ट्रॅक्टर, ळ'. नवीन मशीन, नवीन फॉन्ट, नवीन आवृत्ती, काही बदललं की आधी ही ओळ छापायची. ही नीट आली की इंजिन, स्क्रिप्ट, फॉन्ट तिन्ही ठीक, मग पुढे जे बिघडेल ते मजकुराचं.

उर्दूवर मी जरा थांबतो, कारण तुमच्या मॅन्युअलमधली सगळ्यात घातक चूक तिथे आहे. तुम्ही पाठवलेल्या पानात पोटॅशियम नायट्रेटची ग्रेड (नत्र, फॉस्फरस, पोटॅश ह्या क्रमाने) मराठीत १३-०-४५ आहे आणि उर्दू ओळीत ती ४५-०-१३ छापलीय. टाईप करणाऱ्याने बरोबरच लिहिलंय, तुम्ही त्याच्यावर चिडू नका. युनिकोडच्या दोन दिशांच्या नियमात असं आहे की अरबी लिपीतल्या अक्षरानंतर साधे आकडे आले की ते अरबी आकड्यांच्या गटात धरले जातात, आणि त्या गटात मधली आडवी रेघ आकड्यांना बांधून ठेवत नाही. मग १३ एक तुकडा, ० एक तुकडा, ४५ एक तुकडा, आणि तुकडे उजवीकडून डावीकडे लावले जातात. पण मध्ये विसर्गासारखं कोलन असेल, १३:०:४५, तर ते आकडे बांधून राहतात आणि ग्रेड जशीच्या तशी येते. म्हणजे १२:६१:० आणि ०:५२:३४ ला कोलन लावलं की प्रश्नच मिटतो, आणि पोत्यावर पण बऱ्याचदा कोलनच असतं. '१०-१५ मिनिटं' सारख्या रेंजला मात्र उर्दूत 'दस से पंद्रह' असं शब्दात लिहा किंवा ती रेंज फॉरेनलँग्वेज कमांडने इंग्रजीत गुंडाळा. तसंच आकड्याने सुरू होणारे पार्ट नंबर, ६३-एमएफ सारखे, हे पण उलटतात, ते न चुकता गुंडाळा. स्वतःची एक छोटी कमांड करा, पार्टनंबर नावाची, आणि सगळे नंबर त्यातूनच द्या, म्हणजे विसरायला होत नाही. १९:१९:१९ वर तपासू नका, ते उलटं सुलटं सारखंच दिसतं! नत्र आणि पोटॅशची अदलाबदल झालेलं पान शेतात गेलं तर नुकसान कोणाचं होतं ते तुम्हाला मी सांगायला नको. उर्दू वाचता येणाऱ्या माणसाकडून आकड्यांचं प्रूफ वेगळं वाचून घ्या, मजकुराचं वेगळं.

नस्तालीक उतरती लिपी आहे, शब्द वरून खाली झुकत येतो, म्हणून तिला ओळींमध्ये भरपूर जागा लागते. मराठीची ओळ साधारण सव्वा ते दीडपट मोकळी ठेवली की वरचे रफार-अनुस्वार आणि खालचे उकार, ऋकार एकमेकांना लागत नाहीत, लाटेकची मूळ जागा इंग्रजीच्या हिशोबाची असते. उर्दूला त्याहून बरीच जास्त. सगळ्या पुस्तकाला एकच मोकळीक दिली तर इंग्रजी पानं विरळ दिसतील, म्हणून भाषा बदलताना ओळीतली जागा पण बदलेल असं एन्व्हायर्नमेंट करा. टेबलात हे वेगळं लागतं, तिथे अरेस्ट्रेच, म्हणजे टेबलातल्या ओळींची उंची वाढवा, नाहीतर 'पूर्ण' चा ऊकार खालच्या रेघेला चिकटतो.

फॉन्टचा आकार जुळवायला लोक स्केल बरोबर मॅचलोअरकेस लिहितात. ते इंग्रजी एक्स अक्षराची उंची मोजून काम करतं. देवनागरी फॉन्टमध्ये इंग्रजी एक्स नसला किंवा भलत्या मापाचा असला की मराठी एकदम बारीक किंवा ढब्बू येते. सरळ १.०५, १.१ असा आकडा द्या आणि छापून बघा, स्क्रीनवर नाही.

जोर द्यायला एम्फ, म्हणजे अक्षर तिरपं करणारी कमांड, वापरू नका, आपल्या बहुतेक फॉन्टना तिरपं रूप नसतं आणि लाटेक फक्त वॉर्निंग देऊन साधं अक्षर छापतं, म्हणजे 'व्हॉल्व्ह आधी बंद करा' ही धोक्याची सूचना बाकीच्या मजकुरात मिसळून जाते. बोल्ड किंवा चौकट घ्या. खोटं तिरपं करायचा ऑप्शन आहे पण शिरोरेषा तिरपी झाली की वाचवत नाही. सोल पॅकेजने अधोरेखित करणं, अक्षरांमध्ये अंतर टाकणं हेही नको, त्याने शिरोरेषाच तुटते. लुआलाटेकमध्ये अधोरेखित हवंच असेल तर लुआ-यूएल पॅकेज आहे. धड्याचं पहिलं अक्षर मोठं करायची हौस असेल तर मात्रेसकट पूर्ण अक्षर कंसात द्या, नुसता 'ठ' मोठा आणि वेलांटी बाहेर असं 'ठिबक' मी छापील पुस्तकात पाहिलंय.

सूत्रांमधला मराठी मजकूर गायब होणं ही पण नेहमीची तक्रार. तुमच्या मॅन्युअलमध्ये ड्रिपरच्या प्रवाहाचं सूत्र आहे, क्यू बरोबर के गुणिले एच चा एक्स घात. एच च्या पायाशी तुम्ही 'इनलेट' असं देवनागरीत लिहिलंय आणि ते छापलंच गेलं नाही, कारण गणिताचा फॉन्ट वेगळा असतो आणि त्यात देवनागरी नसते. एएमएसमॅथ लोड करून असा शब्द टेक्स्ट कमांडमध्ये ठेवा, येईल. तसंच कंट्रोलरची सेटिंग दाखवायला लिस्टिंग्ज पॅकेज घेतलं आणि त्यात मराठी कॉमेंट टाकली तर अक्षरं भलत्या जागी उड्या मारतात, तिथे फॅन्सीव्हर्ब वापरा, आणि टाईपरायटर फॉन्टसाठी पण देवनागरी फॉन्ट वेगळा सांगा. बेबलऐवजी पॉलिग्लॉसिया हे पॅकेज वापरणाऱ्यांना 'देवनागरीफॉन्टटीटी डिफाईन करा' म्हणून जो एरर येतो तो हाच.

आकड्यांबद्दल एक निर्णय घ्या. पान क्रमांक, धडा क्रमांक मराठी आकड्यात हवे असतील तर बेबलमध्ये मॅपअरेबिक आहे, ते फक्त काउंटर बदलतं. मॅपडिजिट्स सगळेच आकडे बदलतं, त्यात पार्ट नंबर आणि फोन नंबर पण बदलतील, ते तुम्हाला नको असेल.

शब्द ओळीच्या शेवटी तुटण्याबद्दल. मराठीचे हायफनेशनचे नियम संतोष थोट्टिंगल यांनी केलेले आहेत आणि टेक लाईव्हमध्ये येतात, फक्त अर्धवट इन्स्टॉल केलं असेल तर 'पॅटर्न्स नॉट लोडेड' अशी वॉर्निंग येते, भारतीय भाषांचं हायफनेशन पॅकेज टाकलं की जाते. हे नियम अक्षराच्या हिशोबाने तोडतात, शब्दकोश बघून नाही, म्हणजे जोडाक्षर मधून फोडत नाहीत. आणि ह्याचाच फायदा तुमच्या अहिराणी यादीला होतो. अहिराणीची वेगळी सेटिंग शोधत बसू नका, मराठीचीच लावा, अक्षर तोडायची रीत तीच असल्याने 'करी ऱ्हायना' पण नीट तुटतं. मात्र इथे पण तो आडवा र आहे, ०९३१ वालाच ठेवा. आणि टाईप करताना ऑटोकरेक्ट बंद करा, नाहीतर मोबाईल 'पानी'चं 'पाणी' करून ठेवतो आणि यादी अहिराणीची राहातच नाही. ती यादी म्हाताऱ्या माणसांना विचारून केलीय ना, मग त्यांनी सांगितलं तसंच छापलं गेलं पाहिजे.

यादी अनुक्रमाने लावायला मेकइंडेक्स चालणार नाही, त्याला देवनागरीचा क्रम कळत नाही. नुसत्या युनिकोडच्या क्रमाने लावली तर ळ हा ल च्या लगेच नंतर येतो, आपल्या वर्णमालेत तो ह च्या नंतर आणि क्ष, ज्ञ सगळ्यात शेवटी. अपमेंडेक्स घ्या, त्याच्या स्टाईल फाईलमध्ये लोकेल मराठी सांगा.

शेवटचं, पीडीएफमध्ये शोधणं. डीलर मोबाईलवर मॅन्युअल उघडून 'सिंचन' शोधतो आणि काही सापडत नाही, कारण पीडीएफमध्ये अक्षरं दिसतात त्या क्रमाने, वेलांटी आधी अशी गेलेली असतात. हार्फबझ रेंडरर अशा ठिकाणी मूळ मजकूर पण सोबत ठेवतो, झीलाटेकमध्ये त्यासाठी झीटेकजनरेटअ‍ॅक्च्युअलटेक्स्ट ची किंमत १ करावी लागते. छपाईला देण्याआधी पीडीएफमधून एक परिच्छेद कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवून बघा, आणि पीडीएफफॉन्ट्स कमांडने सगळे फॉन्ट एम्बेड झालेत का तेही. प्रेसवाल्याकडे फक्त पीडीएफ द्या, तुमची फाईल त्याच्या मशीनवर उघडायला लावू नका.

एवढं करून अडलंच तर नुसता स्क्रीनशॉट टाकू नका, त्यातून काही कळत नाही. टेक लाईव्हचं वर्ष, लॉगमधल्या मिसिंग कॅरेक्टरच्या ओळी आणि बिघडलेला शब्द टेक्स्ट म्हणून टाका, मी त्याचे कोड उघडून बघतो.